धुमी म्हणजे पेटवण

तपासणीच्या साहेबांनी विचारलं, "धुमी म्हणजे नेमकं काय?" आणि धाकटा खाली बघत म्हणाला, "पेटवण. भट्टी पेटवायला चार काड्या घेतात, ते. दुसरं काय असणार."

साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न काढला. बेकरीच्या मालकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. गोल करून उभ्या असलेल्या दहा-बारा माणसांपैकी कुणी हूं की चूं केलं नाही. मागे, पाव गार करायच्या जाळ्यांपाशी वहिनी उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि गेली ती पुढे खाली उतरलीच नाही.

तिला सगळी बेकरी वहिनीच म्हणायची, कारण धाकटा म्हणायचा. तिचा नवरा, म्हणजे थोरला, भट्टीवाला. त्याचा भाऊ धाकटा त्याच्या हाताखाली. आणि वहिनी वरच्या मजल्यावर पाव बांधायला. एका घरातली तीन माणसं एकाच छपराखाली राबत होती. आता दोन उरली होती. महिन्यापूर्वी, रंगकामासाठी बंद असलेली बेकरी पुन्हा सुरू झाली त्याच दुपारी, थोरला तळघरात भट्टीसमोर बसल्या बसल्या गुदमरून मेला. कोळशाच्या वायूने. नव्या रंगावर काजळी पडू नये म्हणून रंगाऱ्यांनी धुराड्याच्या तोंडाला गोणपाट बांधलं होतं आणि ते सोडायचं विसरून आपला डबा-ब्रश घेऊन निघून गेले होते. वायू वर जायचा तो तळघरात साठत गेला. तळघराचं दार लावलेलं, कारण आंबवलेल्या पिठाला वारा लागला की पीठ बसतं.

गोणपाट रंगाऱ्यांनी बांधलं हे सगळ्यांना कबूल होतं. वाद एवढाच होता, की कोळसा टाकायच्या आधी धुराडं मोकळं आहे की नाही हे बघायला नको होतं का? मालकांचं म्हणणं, हवं होतं, आणि ते भट्टीवाल्याचं काम होतं. त्याने केलं नाही, त्याचं नशीब. त्यावर पीठ मळणारा म्हातारा चाचरत बोलून गेला होता, "पण साहेब, आमच्यात धुमी लावल्याशिवाय कोळसा टाकतच नाहीत." म्हणून साहेबांनी तो प्रश्न विचारला होता. आणि विचारला तोही धाकट्याला, कारण भट्टीचं काम येणारा जिवंत माणूस आता तोच.

धुमी म्हणजे पेटवण हे धड खोटंही नव्हतं. वहिनीला जास्त संताप आला तो त्याचाच. निखालस खोटं बोलणाऱ्याचं तोंड तरी धरता येतं. अर्धं खरं बोलणारा मान वर करून हिंडतो आणि आपणच वेडे ठरतो.

गोष्ट साधी होती. लाकूड जळताना धूर होतो आणि धूर कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसतं. कोळशाला धूर नाही. तो गुपचूप लाल होतो, आणि त्यातून जे निघतं ते दिसत नाही, त्याला वासही नाही. म्हणून कोळशाच्या आधी मूठभर पेंढा आणि सुताराकडच्या ढलप्या घ्यायच्या, त्यांच्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि त्या भट्टीच्या तोंडात पेटवायच्या. जाळ थोडा, धूर फार. एकाने खाली तोंडाशी बसायचं. दुसऱ्याने मागच्या अंगणात मान वर करून उभं राहायचं. थंड धुराडं सुरुवातीला थोडा धूर उलटा टाकतंच, त्यामुळे खालच्याला खोकल्याशिवाय काही कळत नाही. कळतं ते अंगणातल्याला. तीन मजल्यांवरच्या तोंडातून धूर बाहेर पडला, की तो ओरडतो, "गेली." मग खालचा कोळशाचं घमेलं उचलतो. त्याआधी नाही. ती मूठ म्हणजे धुमी आणि त्या मुठीचा धूर म्हणजेही धुमी. धुमी लावली, धुमी अडली, धुमी गेली, असं सगळी बेकरी बोलायची आणि कुणाला त्यात अडचण वाटायची नाही.

शब्द मुळात बेकरीचा नव्हताच. तो सासूबाईंनी माहेराहून आणला होता. त्यांच्या माहेरी सकाळी चुलीत पहिल्यांदा जी ओलसर मूठ सारायची तिला आणि तिच्या धुराला एकच नाव होतं. एकावाचून दुसरं तिथे कुणी कधी पाहिलं नव्हतं, मग दोन नावं कशाला ठेवतील? लग्न होऊन त्या इकडे आल्या तेव्हा सासरे भट्टीवर होते आणि भट्टी लाकडावर चालायची. मग वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांनी धुराने वाळत घातलेले कपडे काळे होतात म्हणून आरडाओरडा केला आणि जुन्या मालकांनी कोळसा आणला. पहिल्याच थंडीत सासरे भट्टीसमोर आडवे झाले. सासूबाई डबा घेऊन आल्या होत्या म्हणून वाचले. बाईने नवऱ्याला दोन्ही काखांत धरून पायऱ्यांवरून वर ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या पेंढ्याची मूठ घेऊनच बेकरीत आल्या. जुने मालक हसले. त्या म्हणाल्या, "हसा हवं तेवढं. ही धुमी वर गेलेली मी बघितल्याशिवाय माझा माणूस कोळशाला हात लावणार नाही." आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासूनची ती रीत. दोन्ही मुलगे त्याच रीतीत वाढले. धाकट्याने तर मिसरूड फुटल्यापासून त्या अंगणात मान वर करून निम्मं आयुष्य काढलं होतं.

आणि तो म्हणतो पेटवण.

साहेब जाताना म्हणाले की अहवाल उद्या संध्याकाळी वर पाठवतो. भट्टीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे, असा काहीतरी शब्द त्यांनी मालकांशी बोलताना वापरला. वहिनी तिथेच होती. बाई माणूस, त्यातून विधवा, म्हणून साहेबांनी तिच्याकडे बघून जरा दुःखी चेहरा केला आणि गाडीत बसले.

घरी आल्यावर तिने कुकरचं झाकण असं काही लावलं की सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

तिने कुकर गॅसवर चढवला. बोलली असती तर सासूबाईंनी जे महिनाभर चालवलं होतं तेच पुन्हा सुरू झालं असतं. पण ते तसंही सुरू झालंच. म्हातारी पलंगावर पाय सोडून बसली होती आणि भिंतीकडे बघून बोलत होती. "एवढं शिकवलं. बाप डोळ्यांदेखत मरता मरता वाचला, ते बघितलं होतं त्याने. मूठभर पेंढा पेटवायचा आळस आला मेल्याला. मूठभर. बायकोच्या गळ्यात मला टाकून स्वतः सुटला."

थोरल्याला ती जन्मभर मेल्या म्हणत आली होती. दूध उतू गेलं तरी मेल्या, पगार आणला तरी मेल्या. तेव्हा ऐकून हसू यायचं. आता ती तोच शब्द तितक्याच सहज बोलायची आणि तो आता खराही झाला होता. तोंडाला लागलेली सवय सुटत नाही हे वहिनीला कळत होतं. कळलं म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे? बावीस वर्षं ज्या माणसाने कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघितलं, त्याला त्याची आई आळशी म्हणत होती. आणि तिला उलटून उत्तर द्यायला वहिनीकडे काही नव्हतं, कारण मालकांनी तसंच सांगितलं होतं आणि धाकट्याने मान खाली घातली होती.

धाकटा जेवायला आला तेव्हा तिने त्याच्या ताटात पोळी वाढली आणि विचारलं, "भावजी, धुमी म्हणजे काय हो?"

ती या घरात आली तेव्हा हा शाळेत जात होता, शर्टाची बटणं वरखाली लावायचा. तरी तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. भावजी आणि तुम्ही. थोरला चेष्टा करायचा, "याला तुम्ही म्हणतेस, मग मला काय हुजूर म्हणणार?"

"सोडा ना वहिनी," धाकटा म्हणाला. "साहेबांना कशाला गुंतागुंत? मालक म्हणाले, सरळ सांग, थोडक्यात सांग."

"थोडक्यात सांगितलंत ते दिसलंच. अंगणात कुणी उभं राहतं, हे का नाही सांगितलंत? धुमी बघायला माणूस असतो, हे सांगितलं असतंत तर साहेबांनी पुढचं विचारलं असतं."

"विचारून काय झालं असतं? दादा परत आला असता?" तो पोळीचा तुकडा नुसता भाजीत बुडवत राहिला. "आता भट्टी माझ्याकडे आहे. मालकांशी वाकडं घेऊन हे घर कोण चालवणार? तुमच्या पाव बांधण्याच्या पगारावर चालणार आहे?"

म्हणजे विकला गेला. तिला वाटलं तसंच. मालकांनी भट्टीवाला केलं आणि याने शेपूट घातली. तिने त्याच्यापुढून भाजीचं भांडं उचललं आणि पुन्हा वाढलं नाही. त्यानेही मागितली नाही.

वहिनीला राग आला की ती धुणं काढायची. थोरला म्हणायचा, हिला आठवड्यातून एकदा डिवचावं, घरातले पडदेसुद्धा स्वच्छ राहतात. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन ती मोरीत बसली. चादरी धुतल्या. अभ्रे धुतले. सासूबाईंच्या अंगावरची शालही मागून घेतली. मग धुण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिने कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली काढली. दवाखान्यातून थोरल्याचे कपडे त्या पिशवीत बांधून दिले होते. महिनाभर तिने गाठ सोडली नव्हती. आज तिला वाटलं, बस झालं, धुऊन टाकू, देऊन टाकू, निदान म्हातारी बोलते तेव्हा ते कपाटावरून ऐकत तरी बसणार नाहीत.

गाठ सुटली आणि वास आला. ओल्या पेंढ्याच्या धुराचा, जरासा आंबट, नाकात बसणारा. बावीस वर्षं हा वास तिच्या घरात रोज संध्याकाळी दार उघडून यायचा.

ती शर्ट नाकाशी धरून तशीच बसली. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती. हा शर्ट नवा होता. बेकरी पुन्हा सुरू होणार म्हणून थोरल्याने मुद्दाम घेतला होता आणि त्या सकाळी तिने स्वतः त्याची घडी मोडून इस्त्री केली होती. त्या दिवसाआधी तो अंगाला लागलेला नव्हता. कोळशाच्या भट्टीसमोर दिवसभर बसलं तरी शर्टाला धुराचा वास येत नाही. हा वास एकाच गोष्टीचा होता.

म्हणजे त्याने धुमी लावली होती.

त्याने आळस केला नव्हता. मूठ पेटवली होती, तोंडाशी बसून धूर खाल्ला होता, आणि मग वाट बघितली होती. बघितलीच असणार. अंगणातून हाक आल्यावाचून घमेल्याला हात लावणारा तो माणूसच नव्हता. खालून पाच-पाचदा ओरडायचा, "गेली का रे?" मळणारे त्याची नक्कल करायचे. मग त्याने कोळसा टाकला याचा अर्थ त्याला कुणीतरी सांगितलं होतं, गेली म्हणून. धुराड्याला वर गोणपाट बांधलेलं असताना.

आणि त्या दुपारी वहिनीने वरच्या खिडकीतून अंगणात बघितलं होतं. पावाची गाडी उभी होती. गाडीला टेकून मालक होते आणि त्यांच्यासमोर धाकटा होता. तिसरं कुणी नव्हतं.

तिने नळ बंद केला. हात पुसले नाहीत. शर्ट तसाच काखेत मारला आणि पायांत चपला सरकवल्या. "कुठे निघालीस अशी?" सासूबाईंनी विचारलं तेव्हा ती दाराबाहेर पडलीही होती.

बेकरीच्या मागच्या अंगणात ती पोचली तेव्हा भट्टी लावायची वेळ झाली होती. अंगणात कुणीच नव्हतं. मालकांनी आता तिथे माणूस ठेवला नव्हता. एक माणूस आकाशाकडे बघायला पोसायचा का, असं म्हणाले होते म्हणे. ती धुराड्याकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळाने वरून धुराची एक बट निघाली, मग दाट धूर आला, पिवळट, ओल्या पेंढ्याचा.

आणि तळघराच्या पायऱ्यांवरून धडधड धावत धाकटा वर आला. घामाघूम, डोळे लाल, खोकत. अंगणाच्या मधोमध उभा राहून त्याने मान वर केली आणि धूर निघतोय हे बघितलं. एकदा बघितलं, डोळे चोळून पुन्हा बघितलं. मग खाली पळायला वळला आणि त्याला वहिनी दिसली.

महिनाभर हा हेच करत होता. एकट्याने धुमी लावायची, एकट्याने धावत वर येऊन बघायची, एकट्याने पुन्हा खाली जायचं. दुसऱ्या कुणाच्या हाकेवर त्याचा आता भरवसा नव्हता.

"काय बघायला आलास?" वहिनी म्हणाली. "चार काड्या पेटवल्यास ना? पेटवण बघायला धावत वर येतात का?"

अरे-तुरे ऐकून त्याचा चेहरा उतरला. आपण त्याला तू म्हटलं हे तिच्याही नंतर लक्षात आलं, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

तिने शर्ट त्याच्या तोंडापुढे धरला. "वास घे."

त्याने वास घेतला नाही. शर्ट बघूनच तो मटकन खाली बसला.

"त्यांनी धुमी लावली होती."

"हो."

"त्यांनी विचारलं होतं."

"तीनदा." त्याने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले. "मी गाडीपाशी होतो. मालक म्हणत होते, तुला गाडीवर घेतो, पाव पोचवायला, भट्टीतून सुटशील. किती दिवस मागे लागलो होतो मी वहिनी, तुम्हाला माहितीय. मी त्यांच्याकडे बघत होतो. दादा खालून ओरडला, गेली का रे. मी ऐकलं. पुन्हा ओरडला. मालक म्हणाले, याची कटकट मिटव बाबा आधी." त्याने धुराड्याकडे बोट केलं. "मी वर बघितलंच नाही. नुसतं म्हटलं, गेली, गेली."

वहिनीने त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात तिने कुणाला मारलं नव्हतं, त्यामुळे हात नीट बसला नाही. अर्धा कानावर गेला. तिने पुन्हा मारली. ती बरोबर बसली.

"आणि मग महिनाभर आईच्या शिव्या ऐकत बसलास. त्या त्यांना मेल्या म्हणतात, आळशी म्हणतात, आणि तू समोर बसून माझ्या हातच्या पोळ्या गिळतोस."

"मालक म्हणाले, अंगणात कुणी असतं हे बोलूच नको. पेटवण म्हण, म्हणजे पुढचा प्रश्नच येत नाही. त्यांनी पण ऐकलं होतं ना. त्यांनीच तर कटकट मिटव म्हटलं."

"त्यांचं मी बघते. ऊठ. घरी चल."

"आत्ता? धुमी गेलीय, कोळसा टाकायचाय. पीठ चढेल."

"चढू दे."

मालक दुकानाच्या दारात उभे होते. धाकट्याला तिच्या मागोमाग रस्त्यावर येताना बघून ते दोन पायऱ्या उतरले. "अहो वहिनी, याला कुठे नेता? भट्टी कोण लावणार?"

"तुम्ही लावा," वहिनी म्हणाली. "नुसती पेटवण तर असते. दुसरं काय असणार."

ती थांबली नाही. तिला वाटलं होतं हे बोलून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

सासूबाई पलंगावर बसून बटाटे सोलत होत्या. दृष्टी अधू झाली होती तरी त्यांच्या हाताला सवय होती. धाकटा त्यांच्या पायांशी जमिनीवर बसला आणि वहिनी दाराला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे त्याला पळता येणार नाही. "सांग," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग एकदम भरभर. गाडी, मालक, दादाच्या हाका, आणि आपण वर न बघता काय म्हणालो ते. सासूबाईंची सुरी चालत होती. मग हळू झाली. मग बटाटा हातात तसाच अर्धा सोललेला राहिला. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. महिनाभर ती याच घटकेची वाट बघत होती, हे तिला आज कळत होतं. आता म्हातारी रडेल. थोरल्याचं नाव घेऊन, माझ्या राजा, तू चुकला नव्हतास, असं काहीतरी म्हणेल. एकदा म्हणू दे, मग मी बाकी सगळं सोसेन, असं वहिनीला वाटत होतं.

सासूबाईंनी विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही. वहिनींनाच."

"मग सांगू नकोस." त्यांनी बटाटा भांड्यात टाकला. "ऐकलंस का गं तू पण? हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये."

वहिनीला वाटलं आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "आई, साहेबांचा अहवाल आज संध्याकाळी जाणार. त्यात लिहिणार आहेत की त्यांनीच हलगर्जीपणा केला म्हणून."

"लिहू दे. तो गेला. आता याला पण घालवू? एक मातीत गेला, दुसरा तुरुंगात घालू, म्हणजे तुझं समाधान होईल?"

"महिनाभर तुम्ही त्यांना शिव्या घालताय. त्यांनी तुमची धुमी लावली होती, आई. तुम्ही शिकवलीत तशीच. तुमच्या एका शब्दाबाहेर गेले नाहीत."

"आणखी घालीन शिव्या. रोज घालीन. मेल्याला शिव्या लागत नाहीत. याला बेड्या लागतील."

"मला लागतात," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. "एकेक शिवी मला लागलीय. तुम्हाला दोन मुलगे होते, एक उरला. मला एकच नवरा होता. त्याची आता काय ती ओळख उरली, कामचुकार भट्टीवाला, आणि तीही तुम्ही तशीच ठेवा म्हणता. तुमच्या तोंडून ऐकते, उद्या कागदावर वाचेन, परवा बेकरीतले लोक बोलतील. मी नाही ऐकणार. मला नाही जमणार ते."

वहिनीने शर्टाची घडी केली. ती वेडीवाकडी झाली. तिने धाकट्याकडे बघितलं. "मी साहेबांकडे चाललेय. येतोस, की मी एकटीच सांगू?"

"तो येणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

धाकट्याने एकदा आईकडे बघितलं. मग उठला. त्याच्या गालावर तिच्या बोटांचे वळ अजून दिसत होते. सासूबाईंनी झटकन त्याची बाही धरली. त्याने ती सोडवली नाही. तो तसाच दाराकडे चालू लागला, आणि म्हातारी पलंगावरून उतरून, एक चप्पल घालून, एक न घालता, बाहीला धरून त्याच्यामागून फरफटत निघाली.

तिघं रस्त्याला लागले. पुढे वहिनी, मागे धाकटा, त्याच्या बाहीला लोंबकळणारी त्याची आई. म्हातारीचं तोंड सुरू झालं होतं. घरबुडवी, ती म्हणत होती. सटवी. माझ्या पोटच्या पोराला गिळायला निघाली. नवऱ्याला खाल्लंस, आता दिराला खा. दुकानांतली माणसं फळीवर पुढे येऊन बघत होती. कापडवाला मापाची पट्टी हातात धरून दारात आला. पाणी भरणाऱ्या बायकांनी बादल्या खाली ठेवल्या. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, पण ती ना थांबली ना पुढे पळाली, म्हातारीला गाठता येईल एवढंच अंतर ठेवून ती चालत राहिली. साहेबांच्या कचेरीच्या फाटकापर्यंत सासूबाई बोलत होत्या, जन्मात न काढलेले शब्द काढत होत्या, आणि त्यातली एकही शिवी थोरल्याच्या नावाची नव्हती.